सायकलचं घोडं

लोकांच्या गाण्यातल्या चुका काढणं हा माझा रविवारचा उद्योग आहे. सोमवार ते शनिवार मी हिंगोलीतल्या एका कचेरीत आवक-जावक सांभाळतो आणि रविवारी इथल्या एका दैनिकाच्या पुरवणीत गाण्यांवर लिहितो. बावीस वर्षं झाली. भजनी मंडळं, शाळांची संमेलनं, लग्नातले ऑर्केस्ट्रा, नरसी नामदेवच्या रस्त्यावरच्या दुकानांतून दिवसभर वाजणारी अभंगांची रेकॉर्डिंगं, कुणालाही मी सोडलेलं नाही. सदरावर माझं नाव नसतं, पण ते कोण लिहितं हे जिल्ह्यात पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

माझं सदर लोक कौतुक वाचायला उघडत नाहीत. या आठवड्यात कुणाची काढली ते बघायला उघडतात. एका भजनी बुवांबद्दल मी लिहिलं होतं की बुवांपेक्षा त्यांचा माईक जास्त सुरात होता. त्यानंतर बुवांनी पुढे उभं राहून गायचं सोडलं आणि मागच्या रांगेत बसून टाळ धरायला लागले. पुढे एका लग्नात ते मला दिसले. त्यांनी हात जोडले, मीही जोडले, आणि त्या दिवशी मला जेवण गोड लागलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला बिचारा समजायला नको.

माझी बहीण माझ्याहून तीन वर्षांनी लहान. तिला कळमनुरीला दिली आहे, तिथंच ती अंगणवाडीत काम करते. लेकरांसाठी ती गाणी बांधते हे मला ऐकून माहीत होतं आणि त्यावर मी कधी फार विचार केला नव्हता. अंगणवाडीची बाई गाणी बांधणारच, पोषण आहारासारखंच ते एक काम. पण गेल्या दिवाळीत तिची पुण्याला शिकणारी मुलगी सुट्टीत आली ती माईक आणि लॅपटॉप घेऊनच. तिनं आईला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं, हातात एकतारी दिली आणि आईनं स्वतः बांधलेली नऊ गाणी रेकॉर्ड केली. मग पुण्याच्या कुणा ओळखीच्या मंडळींनी ती यूट्यूबवर टाकली. अल्बमचं नाव होतं ‘मागून चालत’. गीत, चाल, गायन, तिन्हीकडं माझ्या बहिणीचं नाव.

तिनं मला लिंक पाठवली. खाली लिहिलं होतं, ‘दादा, ऐक. खरं खरं सांग. तुझं मत आलं की मंग मी बाकीच्याईला सांगते.’

मी आठ दिवस ती लिंक उघडली नाही. याचं कारणही सांगतो. मी स्वतः तीस वर्षं अभंग लिहितो आहे. त्याचं एक पुस्तकही काढलं होतं, त्याच्या दोन गठ्ठ्यांवर आमच्या घरचा पलंग टेकलेला आहे. माझ्या अभंगांवर आजवर कुणी एक ओळ लिहिली नाही. आणि त्या आठ दिवसांत माझ्या बहिणीच्या स्वयंपाकघरातल्या गाण्यांवर पुण्याच्या एका नावाजलेल्या समीक्षकानं पान भरून लिहिलं. ते भाचीनं मला पाठवलं, अंगठ्यांच्या चित्रांसह. त्यांना गाण्यात मधेच वाजलेली कुकरची शिट्टीसुद्धा आवडली होती. कुणीतरी कानाशी येऊन बोलावं तसा हा आवाज आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. चौथ्या गाण्यातल्या सायकलच्या ओळींवर तर ते अगदी फिदा झाले होते. त्या दोन ओळींत मराठवाड्यातल्या सगळ्या मुलींचं बालपण आहे म्हणे. माझ्या पोटात दुखायला लागलं. दुसरा शब्द मला सापडत नाही.

रविवारी सकाळी मी गॅलरीत खुर्ची टाकून कानात वायरी घातल्या. पलीकडच्या खोलीत आई मेथी निवडत बसली होती. आई माझ्याकडंच असते. वय झालंय पण कान तिखट आहेत आणि हातानं होईल तेवढं काम करते.

पहिली तीन गाणी मी वही घेऊन ऐकली. सूर कुठे घसरतो, श्वास कुठे तुटतो, सगळं टिपलं. खरं सांगायचं तर टिपण्यासारखं फार नव्हतं. तिचा आवाज जाड आहे आणि वर जाताना चिरतो, पण ती तो लपवत नाही, त्यामुळं चिरलेलाही बरा वाटतो. हे मी वहीत लिहिलं नाही. मग चौथं गाणं लागलं.

‘भावाला दिली सायकल, मला दिले गं पाय
शाळा दोघांची एकच, वाट बी एकच हाय’

मी खुर्चीत ताडकन ताठ बसलो. हे गाणं मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. हट्ट्याजवळ आमचं गाव, तिथं आमची हळद असायची. हळद शिजून, वाळून, घासून झाली की बाया अंगणात गोल करून हळकुंडं निवडायला बसायच्या, आणि आई हेच गाणं म्हणायची. फक्त तिच्या गाण्यात सायकल नव्हती. तिच्या गाण्यात घोडं होतं.

‘भावाला दिलं घोडं, मला दिले गं पाय
मळा दोघांचा एकच, वाट बी एकच हाय’

दुसरं कडवंही तसंच. बहीण म्हणत होती,

‘सायकल जाती म्होरं, धुरळा माझ्या डोळा
भाऊ पुसतो पाटी, तवा मी पोचते शाळा’

आणि आई म्हणायची,

‘घोडं जातं म्होरं, धुरळा माझ्या डोळा
भाऊ बसतो जेवाया, तवा मी पोचते मळा’

तिथंच मी गाणं बंद केलं. मला इतका राग आला होता की पुढचं ऐकवेना, आणि रागाच्या तळाशी थोडा आनंदही होता, तो नाकारत नाही. पुण्याचा तो मोठा समीक्षक ज्या ओळींवर फिदा झाला होता त्या चोरीच्या निघाल्या होत्या, आणि हे ओळखणारा माणूस जगात एकटा मी होतो. परीक्षकानं गाणं शेवटच्या श्वासापर्यंत ऐकावं, असं मी सदरात आजवर तीनदा तरी लिहिलं असेल. त्या दिवशी मी चौथं गाणं अर्धं ऐकलं आणि उरलेली पाच ऐकलीच नाहीत.

उठून दहा पावलं गेलो असतो तर आईला विचारता आलं असतं. समीक्षकानं साक्षीपुरावे घरातून गोळा करायचे नसतात, असं मी मनाशी म्हटलं आणि लिहायला बसलो. जेवणाच्या आधी लेख तयार होता. इतका पटकन आणि इतका नेटका लेख मी त्याआधी लिहिला नव्हता, त्यानंतरही नाही.

मथळा दिला ‘घोडं विकून सायकल’. लिहिलं की सदर गायिकेनं आपल्या भागातल्या आयाबायांच्या तोंडी पिढ्यान् पिढ्या चालत आलेली ओवी उचलली, तिच्यातलं घोडं काढून सायकल बसवली, मळ्याची शाळा केली आणि खाली स्वतःचं नाव घातलं. ‘हळदीच्या ढिगाशी बसून ज्या बाया हे गाणं म्हणत त्यांना आपलं नाव गाण्याला लावावं असं कधी वाटलं नाही. या बाईंना वाटलं.’ हे वाक्य मला फार आवडलं होतं. पुढं लिहिलं, ‘कुकरच्या शिट्ट्या ऐकवल्या म्हणजे गाणं घरगुती होत नाही. उरलेल्या आठ गाण्यांबद्दल काय बोलावं? एक नाणं खोटं निघालं की माणूस सगळी थैली ओतून बघतो.’ मी थैली ओतून बघितली नव्हती. आणि गायिका माझी सख्खी बहीण आहे हेही वाचकांना सांगितलं नाही. तो निःपक्षपातीपणा आहे असं मला तेव्हा वाटत होतं.

पुढच्या रविवारी लेख आला. दुपारपर्यंत फोन घणघणत होता. कचेरीतल्या साहेबांनी पहिल्यांदाच घरी फोन करून म्हटलं, ‘‘काय धुतलंय तुम्ही.’’ माझ्या भजनी मंडळातल्या पेटीवाल्यानं सांगितलं की त्याच्याही आईच्या तोंडी घोड्याचं गाणं होतं. त्याची आई नांदेडची, तिनं हळद कधी पोत्यात भरलेली सोडून पाहिलेली नव्हती, पण मी त्याला अडवलं नाही. आठ दिवसांत अशा पाच-सहा आया निघाल्या.

मग पुण्याच्या समीक्षकांचा फोन आला. माझा नंबर त्यांनी शोधून काढला होता. फार अदबीनं बोलले. ‘‘तुमच्यासारखे स्थानिक अभ्यासक आहेत म्हणून आम्ही तोंडघशी पडत नाही,’’ असं म्हणाले. मी म्हटलं, ‘‘कर्तव्यच आहे.’’ त्यांनी आपल्या लेखाला खाली पुरवणी जोडली आणि तीत माझा लेख उतरवून घेतला. स्थानिक अभ्यासक हा शब्द मी बायकोला दोनदा वाचून दाखवला. मग गाण्यांखाली लोक लिहायला लागले. आजीची गाणी चोरली. लाज वाटली पाहिजे. हिचा आवाज पण उसनाच असेल. एकानं लिहिलं, अंगणवाडीत लेकरांचा खाऊ पण अशीच चोरत असेल. त्याला शंभरावर लोकांनी अंगठे दिले होते. मी दिला नाही, पण वाचून पुढंही गेलो नाही, तिथं थोडा वेळ थांबलो.

यूट्यूबवर गाणी टाकणाऱ्या त्या मंडळींनी पुण्यात बहिणीच्या गाण्यांचा कार्यक्रम ठेवला होता. आता त्यांनी तिला कळवलं की कार्यक्रम होईल, पण त्या गाण्याखाली ‘पारंपरिक’ असं लिहावं लागेल, आणि शंका नको म्हणून बाकीच्या आठांखालीही, आणि तिचं नाव सादरकर्ती म्हणून येईल. तिनं नाही म्हणून सांगितलं. कार्यक्रम झाला नाही. यूट्यूबवर मात्र त्यांनी न विचारताच ‘पारंपरिक’ टाकून दिलं. नऊच्या नऊ गाण्यांखाली.

त्यानंतर एका मंगळवारी बहीण कळमनुरीच्या गाडीनं आली. मी त्या दिवशी रजेवर होतो, हे तिला माहीत असावं. भांडायला येईल असं वाटून मी दोन-तीन वाक्यं तयार ठेवली होती. ती चप्पल काढून सरळ आत आली, बायकोनं दिलेलं पाणी प्याली आणि आईशेजारी खाली बसली. आईच्या पुढ्यात त्या दिवशीही मेथी होती. बहिणीनं एक जुडी ओढून घेतली आणि पानं खुडत मला विचारलं,

‘‘दादा, तू गाणं पुरतं ऐकलंस का?’’

‘‘ऐकलं की.’’

‘‘पुरतं?’’

‘‘व्हय. पुरतं.’’

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. मग आईकडं वळली. ‘‘माय, तू सांग. ते गाणं कोनाचं हाय?’’

आईचे हात थांबले नाहीत. तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या माझ्या बायकोकडं, आणि मग मेथीकडं.

‘‘जुनंच हाय ते, बाई.’’

‘‘माय.’’

‘‘माझी माय म्हनायची. घोड्याचं.’’

‘‘माय, तुला आठवत न्हाई का? हळदीच्या ढिगाजवळ म्या तुला शिकवलं व्हतं. तू म्हनलीस, बापाच्या कानावर जाऊ देऊ नको.’’

‘‘तू लहान व्हतीस. तुला काय आठवतंय.’’

‘‘मी अकरा वर्साची व्हते.’’

‘‘जुनंच हाय,’’ आई म्हणाली. ‘‘काहून इतकं लावून घेऊन राहिलीस? गानं गानं असतंय. कोनाचं का असंना.’’

मला वाटलं आता बहीण रडेल. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं, बायकांचं रडणं कसं थांबवायचं हे मला येतं. तिनं ‘‘बरं’’ म्हटलं आणि हातातली जुडी संपेपर्यंत मेथी निवडत बसली. देठ वेगळे केले, पानं आईच्या परातीत टाकली, साडीवरची माती झटकली. बायको जेवून जा म्हणाली तर अंगणवाडीची मिटिंग आहे म्हणाली. दारात चप्पल घालताना ती मला म्हणाली,

‘‘दादा, घोड्याला कॅरिअर असतं का रे?’’

आणि गेली. बायकोनं विचारलं, काय म्हणाल्या वन्सं? मी म्हटलं, काही नाही. मग मी गॅलरीत जाऊन फोन काढला आणि चौथं गाणं जिथं बंद केलं होतं तिथून पुढं लावलं.

‘मागचं कॅरिअर काढून पत्र्यावर ठिवलं
बापाला सांगे मोडलं, मी खालून पाह्यलं

मी न्हाई सांगनार, माझा भाऊ हाय
त्याला दिली सायकल, मला दिले पाय’

मी आठवीत होतो आणि ती पाचवीत. शाळा हट्ट्याला, घरापासून चार किलोमीटर. वडिलांनी मला हिरवी सायकल घेऊन दिली, जुनीच, पण रंग मारून आणलेली. वडिलांनी बजावलं होतं की बहिणीला मागं बसवून न्यायचं आणि आणायचं. पंधरा दिवस मी तिला नेली. मग वर्गातली पोरं मला चिडवायला लागली. मी फाट्यावर दिसलो की ती ओरडायची, बैलगाडी आली, बैलगाडी आली. मला तिची लाज वाटायला लागली. तिचे तेल लावलेले केस, पायाजवळ लोंबणारं दप्तर, खड्डा आला की माझा सदरा धरणं, सगळ्याचीच. एका शनिवारी मी हट्ट्याच्या सायकल दुकानातून पाना मागून आणला, गोठ्यामागं बसून कॅरिअरचे चार नट काढले आणि कॅरिअर गोठ्याच्या पत्र्यावर फेकून दिलं. वडिलांना सांगितलं, मोडून पडलं. वडील म्हणाले, बसवू पुढं कधीतरी. ते बसवायचं राहून गेलं. दहावीपर्यंत मी सायकलवर गेलो आणि ती माझ्या मागून चालत आली. सातवीनंतर तिची शाळाच बंद केली. पोरीला एवढं लांब पायी पाठवायला नको, असं घरात ठरलं.

हे मी विसरलो होतो असं नाही. हे कुणालाच माहीत नाही, असं मी चाळीस वर्षं धरून चाललो होतो.

आई माझ्या मागं येऊन उभी होती. फोनचा आवाज तिच्यापर्यंत गेला असणार. मी न वळता विचारलं, ‘‘माय, हे तिनं बांधलं व्हतं?’’

‘‘तिनंच.’’

‘‘मंग घोडं?’’

‘‘घोडं म्या घातलं.’’ ती खुर्चीचा हात धरून खाली बसली. ‘‘तुझा बाप ऐकला असता तर तुझी चामडी सोलली असती. गानं मला लई आवडलं व्हतं. म्हनल्याबिगर ऱ्हाववंना. मंग सायकलचं घोडं केलं, शाळंचा मळा केला, आन् कॅरिअर सोडून दिलं. दोन कडव्यांतच संपवायची मी.’’

‘‘तुला कॅरिअरचं माहीत व्हतं?’’

‘‘तुझ्या बापानं पत्रा बदलला तवा खाली पडलं. म्या भंगारवाल्याला देऊन टाकलं. कोनाला सांगितलं न्हाई.’’

मग जे विचारायला नको होतं ते विचारलं. ‘‘मंग आज खोटं काहून बोललीस तिच्यासमोर?’’

आईनं माझ्याकडं असं पाहिलं की मी अजून आठवीतच असल्यासारखं वाटलं. ‘‘तिच्या घरी मी दोन दिवस पाहुनी जाते,’’ ती म्हणाली. ‘‘मरायचं मला तुझ्या घरात हाय.’’

एवढं बोलून ती भिंतीला धरत आत गेली. थोड्या वेळानं तिनं बायकोला विचारलेलं मला ऐकू आलं, भाजीत डाळ घालायची का.

त्या आठवड्यात मी दुरुस्ती लिहिली. चार ओळींची. सदर गाणं पारंपरिक नसून संबंधित गायिकेचंच आहे अशी खात्री झाली आहे, लेखकाची चूक झाली, लेखक दिलगीर आहे. कॅरिअरचा उल्लेख अर्थातच नव्हता. ती मी रविवारच्या मजकुरासोबत पाठवणार होतो. मग वाटलं, पुढच्या रविवारी पाठवू. एकदा ही चूक कबूल केली की बावीस वर्षांतलं प्रत्येक परीक्षण लोक उलटं वाचायला लागतील. मागच्या रांगेत टाळ वाजवणारे बुवा उठून पुढं येतील. कुणाला विचारून लिहिलं होतं, असं जो तो मला विचारेल, आणि मला सांगावं लागेल की शेजारच्या खोलीत मेथी निवडणाऱ्या बाईलाही मी विचारलं नव्हतं. कागद कचेरीतल्या ड्रॉवरमध्ये आहे. त्याच्यावर आता इतर कागद आले आहेत. मला शरम वाटते, पण ती रोज थोडी कमी वाटते, आणि खरी शरम त्याची आहे.

बहिणीनं फोन केला नाही. राखी मात्र आली, टपालानं, पाकिटात फक्त राखी. भाचीनं मला ब्लॉक केलं आहे. नऊ गाण्यांखाली अजून ‘पारंपरिक’च लिहिलेलं आहे आणि चौथं गाणं ऐकणारे रोज वाढत आहेत.

गाणं आता घोड्यासकट चालायला लागलं आहे. लोकांना माझ्या लेखातलं घोड्याचं रूप जास्त अस्सल वाटलं. परवा हिंगोलीतल्या एका शाळेच्या संमेलनाला मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. शाळेच्या बाईंनी आग्रहानं सांगितलं, तुमच्या आईंनाही आणा, त्यांच्याच पिढीचं गाणं आहे. आईला पहिल्या रांगेत, गादीच्या खुर्चीत बसवलं, शेजारी माझी बायको. आईनं नवीन लुगडं नेसलं होतं. पाचवीच्या मुली पुठ्ठ्याची घोडी कमरेला बांधून मंचामागं ओळीनं उभ्या होत्या. माईकवर एका मुलीनं वाचलं, ‘‘आता सादर करत आहोत पारंपरिक लोकगीत. संकलन,’’ आणि माझं नाव घेतलं. मी दचकलो नाही असं म्हणणार नाही. पण मी जागचा हललोही नाही.

गाण्याआधी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. खिशात कुठलाही कागद नव्हता आणि माझी जीभ मोकळी होती. पन्नास मुली, त्यांचे आईबाप, शाळेचे सगळे शिक्षक आणि पहिल्या रांगेत माझी आई यांच्यासमोर मी उभा राहिलो. खरं बोलायची इतकी चांगली संधी पुन्हा मिळायची नाही हेही मला कळत होतं. मी म्हणालो की हे गाणं निदान शंभर वर्षं जुनं आहे. ते कुणी रचलं हे कुणालाच माहीत नाही आणि तेच लोकगीताचं मोठेपण आहे. ज्या मायमाउलींनी ते जपलं त्यांनी कधी नावाचा हव्यास धरला नाही. माझ्या आईच्या तोंडून मी ते ऐकलं, असं म्हणून मी आईकडं हात केला. सगळ्यांनी माना उंचावून आईला पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. आईनं हात जोडले.

मग मुली आल्या. पुठ्ठ्याची घोडी उडवत, ठेक्यात, छान नाचल्या. मंचापासून पहिली रांग चार हातांवर होती. आईचे ओठ गाण्याबरोबर हलत होते, सगळ्यांना ते दिसलं असेल आणि सगळ्यांना म्हातारीचं कौतुक वाटलं असेल. मुलींनी धुरळा माझ्या डोळा म्हणून डोळे चोळले, मळा म्हणून गिरक्या घेतल्या आणि दुसऱ्या कडव्यावर गाणं संपवून रांगेत उभ्या राहिल्या. टाळ्या सुरू झाल्या. आईनं टाळ्या वाजवल्या नाहीत, तिचे ओठ तसेच हलत राहिले. पुढची दोन कडवी मला पाठ आहेत, त्यामुळं ती कुठं पोचली आहे ते मला बरोबर कळत होतं.